सोमवारची गोळी

आईच्या भाकऱ्या बंद झाल्या तेव्हा कुठे आमच्या घरात कळलं की तिचे हात दुखतायत. त्याआधी चार महिने ती सांगत होती, "सकाळी बोटं उघडतच न्हाईत गं." आणि आम्ही सगळे तिला गरम पाण्यात हात बुडवायला सांगत होतो. वय झालं, थंडी आहे, धुणं कमी कर. मग एक दिवस तिने परातीतलं पीठ तसंच ठेवून अण्णांना गावातून चपात्या आणायला सांगितल्या. अण्णा त्याच आठवड्यात तिला मिरजेला घेऊन गेले.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. अँटी-सीसीपी, म्हणजे आमवाताची खूण, पॉझिटिव्ह. ईएसआर, म्हणजे अंगातल्या सुजेचा आकडा, वाढलेला. निदान आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड आणि थोड्या दिवसांसाठी कमी मात्रेचं स्टेरॉइड. मी पुण्यात. महिनाअखेर होती, सोबत जाता आलं नाही. चिठ्ठीचा फोटो अण्णांनी पाठवला, तो मी पाहिला, 'बरं' असा अंगठा दाखवला आणि कामाला लागले. त्या अंगठ्याचं मला अजून वाईट वाटतं.

रविवारी रात्री आईचा फोन. आवाज बारीक. "मला काय झालंय ते खरं सांग. तुम्ही लपवताय." झालं असं होतं की मावशीच्या मुलाने मोबाइलवर मेथोट्रेक्सेटचं नाव घालून बघितलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, की हे रक्ताच्या कॅन्सरचं औषध आहे. वाचलं ते खोटंही नव्हतं, हीच अडचण. मी म्हटलं, अगं तसं काही नाही. ती म्हणाली, "मग कसं काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी लॅपटॉप उघडला.

माझा वैद्यकशास्त्राशी संबंध नाही. मी हिशेब तपासते. बारावीला विज्ञान घेतलं होतं, पण ते आता फक्त गुणपत्रिकेत उरलंय.

पहिल्या रात्री चौदा टॅब उघडले. सगळ्यात वर जाहिराती. 'आमवात मुळापासून घालवा' म्हणणारी एक संस्था, तिच्या खाली स्टेम सेलवाली दुसरी. हॉस्पिटलांचे लेख होते. ते बऱ्यापैकी लिहिलेले असायचे आणि शेवटच्या ओळीत अपॉइंटमेंटचं बटण यायचं. मराठीत शोधलं तर आणखीच वाईट. एका पानावर सांधेदुखीला 'संयुक्त वेदना' म्हटलं होतं. जॉइंट म्हणजे संयुक्त, मशीनने केलेलं भाषांतर, कुणी वाचूनसुद्धा पाहिलेलं नाही. हे वाचून माझी आई औषध घेणार की सोडणार ते ठरवणार होती.

आमच्या कामात एखादं व्हाउचर समोर आलं की पहिल्यांदा रकमेकडे बघत नाहीत. ते कुणी केलं, कुणी पास केलं, तारीख काय आणि पैसे कुणाकडून कुणाकडे गेले, हे आधी बघतात. सोमवारी रात्री मी तीच चाळणी त्या चौदा टॅबना लावली. पानाच्या तळाशी जायचं. लेखकाचं नाव आहे का? वैद्यकीयदृष्ट्या कुणी तपासलं आहे का? शेवटचं कधी बदललं? हे पान चालवायला पैसे कोण देतं आणि मी घाबरले किंवा हुरळले तर फायदा कुणाचा? चौदातले दोन उरले. एक अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं मेडलाइनप्लस आणि दुसरं ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं. दोन्ही सरकारी पैशावर चालणारी, दोन्ही अगदी सोप्या इंग्रजीत.

खरं सांगायचं तर माझा थोडा हिरमोड झाला. मला 'संशोधन' हवं होतं, जड शब्द, आलेख वगैरे. हे तर शाळेतल्या मुलीला सांगितल्यासारखं लिहिलेलं. म्हणून ती दोन पानं मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर वाचायला घेतली. दोन्हीकडे एकच गोष्ट ठळक करून सांगितली होती: सांध्यांसाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही. चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावली आहेत.

मी चिठ्ठीचा फोटो मोठा करून पाहिला. डॉक्टरांनी नीट लिहिलं होतं, आठवड्यातून एकदा, सोमवारी. हायसं वाटलं. तरी फोन लावला.

"अण्णा, आईला ती पिवळी गोळी कधी दिली?"

"काल सकाळी. आणि आज सकाळी."

"आजपण?"

"रोज सकाळी एक. पाकिटावर लिहिलंय की. एक, शून्य, शून्य."

औषधाच्या दुकानातल्या पोराने सगळ्या गोळ्या छोट्या कागदी पाकिटांत भरल्या होत्या आणि सवयीने प्रत्येक पाकिटावर १-०-० लिहिलं होतं. स्टेरॉइडवरही तेच, मेथोट्रेक्सेटवरही तेच. आणि अण्णा, ज्यांनी आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये जॉब कार्डावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर पाळलं, ते पाकिटावरचंही पाळत होते. चिठ्ठी त्यांनी जपून फायलीत लावून ठेवली होती.

फायलीवर डॉक्टरांचा नंबर होता. पावणेअकरा वाजले होते. त्यांनी उचलला. मी जे काही भराभरा बोलले ते ऐकून घेऊन शांतपणे विचारलं, "किती गोळ्या, किती मिलिग्रॅमच्या?" दोन, दहाच्या. मग म्हणाले, आता एकही देऊ नका, पुढचा सोमवारही सोडा, उद्या सकाळी रक्त द्या: पेशींची संख्या, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हर. तोंडात फोड आले, ताप आला तर थांबू नका, लगेच या. रिपोर्ट ठीक आले. आठवड्याने पुन्हा केले, तेही ठीक. दोनच दिवसांवर निभावलं.

आईला आम्ही हे रिपोर्ट आल्यावर सांगितलं. त्याबद्दल तिने दोघांनाही फैलावर घेतलं, आणि ते योग्यच होतं, कारण रविवारी तिने आमच्यावर आरोप केला होता तो नेमका लपवण्याचाच.

आता कॅन्सरचा प्रश्न उरला होता. तिचा सरळ सवाल होता, "कॅन्सर नाही तर कॅन्सरचं औषध का, आणि ते घेऊन मला कॅन्सर होणार का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे कळायला मला तीन रात्री लागल्या. कारण मी पबमेडवर गेले आणि इंग्रजीत 'मेथोट्रेक्सेट कॅन्सर' एवढंच टाकलं. पबमेड म्हणजे त्याच अमेरिकी लायब्ररीची मोफत यादी, साडेतीन कोटींहून जास्त वैद्यकीय लेखांची. तिने मला हजारो निकाल दिले, बहुतेक कॅन्सरच्या उपचारांचे. साहजिकच होतं. मी तेच विचारलं होतं.

माझ्या मैत्रिणीची मुलगी फार्मसी शिकते. ती म्हणाली, "मावशी, प्रश्नाचे चार तुकडे कर. कुणाला दिलं, काय दिलं, कशाच्या तुलनेत दिलं आणि फरक कशात बघायचा." आणि डावीकडच्या पट्टीत 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल', म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली चाचणी, आणि 'फ्री फुल टेक्स्ट' अशा दोन चौकटी असतात, त्यांवर टिचकी मार, असंही सांगितलं. मी चार तुकडे केले: कमी मात्रेतलं मेथोट्रेक्सेट, मोठी माणसं, खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या गोळीच्या तुलनेत, दुष्परिणाम. निकाल मोजक्या पानांवर आले. त्यात २०२० सालचा एक लेख सापडला, ज्याने माझी झोप उडवली आणि मग परतही आणली.

तो लेख ज्या चाचणीवर होता तिचा मूळ हेतू सांध्यांशी संबंधित नव्हताच. अमेरिका आणि कॅनडातल्या हृदयरोग्यांना मेथोट्रेक्सेट देऊन पुढचे झटके टळतात का, हे पाहायचं होतं. चार हजार सातशेच्या वर माणसं. अर्ध्यांना आठवड्याला १५ ते २० मिलिग्रॅम औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, फॉलिक ॲसिड सगळ्यांना. झटके काही टळले नाहीत, त्या दृष्टीने चाचणी फसली. पण फायदा असा झाला की या औषधाचे दुष्परिणाम खोट्या गोळीशी ताडून इतक्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा मोजले गेले.

आकडा असा: औषध घेणाऱ्यांपैकी ८७ टक्के लोकांना काही ना काही त्रास नोंदवला गेला. हे वाचून मी लॅपटॉप मिटला. शंभरात ८७! हे मी आईला कसं सांगू? पाणी पिऊन आले, पुन्हा उघडला आणि पुढचा आकडा वाचला. खोटी गोळी घेणाऱ्यांमध्येही ८१ टक्के. साठी ओलांडलेल्या माणसांना दोन वर्षं नीट विचारत राहिलं तर बहुतेकांना काहीतरी होतंच, गोळी असो वा नसो. औषधाचा हिशेब त्या दोन आकड्यांमधल्या फरकात होता. ताळेबंदाची एकच बाजू वाचून घाबरायचं नाही, हे मी दुसऱ्यांना पगार घेऊन सांगते.

त्याच लेखात त्वचेचा कॅन्सर औषधाच्या गटात दुप्पट आढळल्याचं होतं. दुप्पट हा शब्द फार वाईट. शोधून पाहिलं तर शंभरात साधारण एकाच्या जागी दोन. तेही गोऱ्या कातडीची माणसं भरपूर असलेल्या देशांत, आणि आमवात नसलेल्या रुग्णांत. म्हणजे आईला तो आकडा जसाच्या तसा लागू होतो असं म्हणता येत नाही, आणि लागू होत नाही असंही म्हणता येत नाही. मी वहीत लिहिलं, 'डॉक्टरांना विचारणे'. वहीतली ही नोंद पुढे फार वेळा आली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कॅन्सरचं औषध का, हे मात्र मला अपेक्षा नव्हती तिथे सापडलं. मेथोट्रेक्सेटचा रेणू फॉलिक ॲसिडसारखा दिसतो आणि पेशींना फसवतो. भराभर वाढणाऱ्या पेशींना फॉलिक ॲसिड लागतं, ते त्यांना वापरता येत नाही. काही कॅन्सरमध्ये हे औषध एका वेळी ग्रॅममध्ये देतात, आईला आठवड्याला दहा मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा शंभरावा भाग, आणि तेवढ्यात सांध्यांवर चवताळलेली प्रतिकारशक्ती शांत होते. या घराण्यातलं पहिलं औषध, अमिनोप्टेरिन, अमेरिकेत लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने बनवलं. माणूस आंध्रातल्या भीमावरमचा. बोस्टनला सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये ते रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं. सांध्यांवर ते १९५१ मध्येच वापरून पाहिलं गेलं होतं, पण आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत परवानगी मिळायला १९८८ उजाडलं.

आणि फॉलिक ॲसिडचा शोध मागे मागे नेत गेले तर थेट परळ! लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ च्या सुमारास मुंबईत आल्या, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगावर हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं. यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं. त्यातला तो घटक म्हणजे पुढे फॉलिक ॲसिड ठरलं. त्यांचा १९३१ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला लेख पबमेड सेंट्रलवर, म्हणजे पूर्ण लेखांच्या मोफत साठ्यात, जुन्या छपाईसकट फुकट वाचता येतो. मी तो रात्री एक वाजता वाचत बसले होते. आईच्या तब्येतीसाठी त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पण दुसऱ्या दिवशी मी तिला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा त्या औषधांबद्दल भीती सोडून बोलली. "म्हणजे एक गोळी भूक मारणारी आणि दुसरी भरवणारी? मग दोन्ही कशाला?"

अगदी बरोबर प्रश्न. त्यावर कॉक्रेन नावाच्या संस्थेचा आढावा आहे. कॉक्रेनवाले एकाच प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून, कच्च्या बाजूला सारून, एकत्र हिशेब मांडतात. पूर्ण मजकूर नाही मिळाला तरी साध्या भाषेतला सारांश सगळ्यांना खुला असतो. सहा चाचण्या, ६२४ रुग्ण. फॉलिक ॲसिड सोबत दिल्यावर मळमळ-उलटीसारखे पोटाचे त्रास २६ टक्क्यांनी कमी. थांबा, पुन्हा तोच सापळा. कंसात लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात शंभरामागे नऊ माणसं. जाहिरात २६ सांगेल, मी आईला नऊ सांगितलं. लिव्हरच्या तपासण्या बिघडण्याचं प्रमाण मात्र चांगलंच घटलं होतं, आणि औषधाचा गुण काही गेला नव्हता.

किती फॉलिक ॲसिड, यावर तर आपल्याकडचाच अभ्यास निघाला, चंडीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेचा, २०१५ सालचा. शंभर रुग्ण, २४ आठवडे, आठवड्याला १० मिलिग्रॅम विरुद्ध ३०. दुष्परिणामांत फरक पडला नाही. आईला आठवड्याला दहाच होतं. भारतातले रुग्ण, आपल्याच गोळ्या, लेख पूर्ण खुला. असा एक सापडला की दहा परदेशी लेखांपेक्षा बरं वाटतं. हे शास्त्रीय विधान नाही, माझं आहे.

अण्णांची एक फर्माइश होती. त्यांचा मित्र सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी. "हळदीवर काय म्हणतात बघ की तुझ्या त्या पबमेडवर." मी शोधलं तर करक्युमिनवर, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकावर, हजारोंनी लेख. पहिल्यांदा वाटलं, चला, एवढं लिहिलंय म्हणजे असणारच. मग २०१७ मधला रसायनशास्त्रज्ञांचा एक आढावा वाचला. त्यांचं म्हणणं, १२० हून जास्त मानवी चाचण्या होऊनही, ना डॉक्टरला माहीत ना रुग्णाला अशा पद्धतीने केलेली, खोट्या गोळीशी ताडलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही. हा रेणू पोटातून रक्तात जेमतेम पोचतो, आणि प्रयोगशाळेत मात्र जिथे तिथे गुण दाखवल्याचा भास करून देतो. लेखांचा ढीग हा पुरावा नसतो, हे मला तेव्हा कळलं. सांगली जिल्ह्यात बसून हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे जिवावरचं काम. मी अण्णांना एवढंच सांगितलं की भाजीतली हळद चालू ठेवा, कॅप्सूलचे पैसे वाचवा.

मध्ये एकदा कंटाळून एका चॅटबॉटला विचारलं. त्याने सुरेख उत्तर दिलं, खाली तीन संदर्भही. दोन पबमेडवर सापडले. तिसऱ्याचं शीर्षक, वर्ष, पानं सगळं व्यवस्थित आणि असा लेखच अस्तित्वात नाही. आमच्याकडे याला बोगस बिल म्हणतात. तेव्हापासून कुणीही दिलेला संदर्भ मी आधी पबमेडवर टाकून बघते आणि लेखाच्या माथ्यावर तो मागे घेतल्याची लाल पट्टी नाही ना, तेही.

एका लेखाला पैसे मागत होते, चाळीसेक डॉलर. लेखकाचा ईमेल पानावरच असतो. दोन ओळी लिहिल्या, आईसाठी वाचायचाय म्हणून. दोन दिवसांत पीडीएफ आली, 'आईंना लवकर बरं वाटो' असं लिहून.

आईला यातलं काहीच नको होतं. तिला विचारायचं होतं, भाकरी कधी थापता येईल. यावरही कॉक्रेनचा आढावा आहे, खोट्या गोळीच्या तुलनेत मेथोट्रेक्सेटचा. वर्षभर सातजणांना औषध दिलं, तर खोट्या गोळीपेक्षा एक जास्त माणूस असा, की ज्याचा त्रास निदान निम्म्याने कमी होतो. मी हे अण्णांना सांगितलं आणि पस्तावले. "सातात एक?" ते म्हणाले. "आणि बाकीचे सहा?" मी समजावत बसले, की बाकीच्यांतल्या काहींना थोडा गुण येतो, काहींना दुसरं औषध जोडतात, सुरुवात यानेच करतात. ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "गाडीला पहिला पार्ट बदलून बघतात तसं." हो, तसंच.

पुढच्या तपासणीला मी रजा काढून गेले. वहीतले प्रश्न एका पानावर उतरवले होते, सोबत छापलेले कागद नेले नव्हते. डॉक्टरांच्या टेबलावर गठ्ठा आपटणारे नातेवाईक मी पाहिलेत. त्यांनी पान वाचलं. त्वचेच्या कॅन्सरबद्दल म्हणाले, वाचलाय तो लेख, कातडीवर नवीन काही उगवलं तर दाखवा, बाकी रक्त ठरल्या वेळी तपासत राहा, ते जास्त महत्त्वाचं. पाकिटाची गोष्ट ऐकून त्यांनी चिठ्ठीवर 'रोज घेऊ नये' हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग आई म्हणाली, "डॉक्टर, माझा सोमवारचा उपवास असतो. त्या दिवशी गोळी चालती का?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. महिनाभर मी रात्री जागून शोधत होते आणि हे तिने मला एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी सापडलं नसतं. साबुदाण्याच्या उपवासावर कोण चाचणी करणार?

डॉक्टर हसले. "आजी, मग पहिल्यांदाच सांगायचं ना. मळमळायचं का?"

"मळमळायचं. पण वाटलं उपवासामुळं."

त्यांनी सोमवार खोडून रविवार लिहिलं, रात्री जेवण झाल्यावर. फॉलिक ॲसिड मंगळवारी आणि शुक्रवारी. घरी आल्यावर अण्णांनी कपाटातून लाल स्केचपेन काढलं, गोळ्या कागदी पाकिटातून काढून एका रिकाम्या डबीत भरल्या आणि डबीच्या झाकणावर, बाजूला आणि खाली, तिन्हीकडे 'रविवार' लिहिलं. मग थोडा वेळ डबीकडे बघून झाकणावर आणखी एक शब्द वाढवला: फक्त.